कुदळ आणि नकाशा



लष्करातील इंजिनिअरांचा इतिहास हा विषय मी निवडला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्याचे आयुष्य रस्त्यावरच्या आणि ऊसतोडीच्या मजुरांची संघटना बांधण्यात गेले, त्याने पलटणीच्या गोष्टी सांगाव्यात हे जरा विसंगत दिसते खरे. परंतु कारण अगदी साधे आहे. बारावीचा निकाल लागला की चारदोन पालक मला गाठतातच. पोराला गणित जमते, इंजिनिअरिंगची फी झेपण्यासारखी नाही, लष्करात फुकट इंजिनिअर होता येते म्हणतात, ते खरे का, असा त्यांचा सवाल असतो. खरे आहे, एवढे उत्तर देऊन मोकळे होता येते. पण तेवढे पुरत नाही. कारण लष्कराच्या या कामात आरंभापासून दोन प्रकारची माणसे आहेत. एकाच्या हातात कुदळ असते आणि दुसऱ्याच्या हातात नकाशा. आपले पोर कोणत्या दाराने आत चालले आहे, हे बापाला ठाऊक असले पाहिजे. आणि ती दोन दारे कशी झाली, हे इतिहासात शिरल्यावाचून कळत नाही.

मी शाळेत फार शिकलेला नाही. जे वाचले ते रात्रीचे, मिळेल ते पुस्तक हाती घेऊन. तेव्हा विद्वानांनी माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा धरू नये. मजुरांत वावरलेल्या माणसाला इतिहासात जे दिसते, तेवढेच मी सांगणार आहे.

इंजिनिअर हा शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी ते काम होते. गड बांधणारे, तळी खोदणारे, तटाखाली सुरुंग भरणारे लोक मराठ्यांच्या फौजेत होतेच. रायगडाचे बांधकाम करणारे हिरोजी इंदुलकर यांचे नाव गडावरच्या शिलालेखामुळे आपल्यापर्यंत आले. त्यांच्या हाताखाली ज्या पाथरवटांनी आणि गवंड्यांनी दगड घडवला, त्यांची नावे आली नाहीत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा कोट घेतला, तो मुख्यतः सुरुंगांच्या जोरावर. पण त्या वेढ्यात काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत, आणि उशिरा उडाले तेव्हा हल्ला करीत पुढे गेलेले आपलेच लोक त्यांत सापडले. दारू किती भरावी, वात किती लांब ठेवावी, माती किती पोकळ आहे, हा हिशेब चुकला तर मरतो तो सुरुंगापाशी असलेला माणूस. हे त्या वेळीही खरे होते आणि आजही तसेच आहे.

इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातील या शाखेचा आरंभ १७७७ सालचा धरतात. त्या वर्षी शंभर लष्करींची एक तुकडी उभी झाली. बंदुकीपेक्षा फावडे अधिक चालवणारी ही माणसे होती. फौजेच्या पुढे जाऊन झाडी तोडावयाची, ओढ्यात उतार करावयाचा, तोफांना वाट करून द्यावयाची, हे त्यांचे काम. १८२० मध्ये ‘सॅपर्स अँड मायनर्स’ ही कंपनी निघाली. किल्ल्याच्या तोफेच्या माऱ्यातून वाचत, वाकडातिकडा चर खणत तटापर्यंत सरकावयाचे, त्या चराला सॅप म्हणत, म्हणून चर खणणारा तो सॅपर. मायनर म्हणजे सुरुंगवाला. नाव इंग्रजी असले तरी आत भरती झाले ते आपले सुतार, लोहार, गवंडी, पाथरवट आणि शेतकरी. ज्याला हुन्नर येई त्याला पगाराशिवाय कामाचे चार पैसे जास्त मिळत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मुंबई सॅपर्सचे ठाणे पुण्याजवळ खडकीला स्थिर झाले, ते आजतागायत तेथेच आहे. आज त्याला बॉम्बे इंजिनिअर ग्रुप म्हणतात. देशात असे तीनच मूळ गट. बंगालचा रुरकीला, मद्रासचा बंगळुरास, आणि आपला खडकीला.

या लोकांनी काय केले, ते एका मोहिमेवरून सांगतो. १८६७-६८ साली मुंबईहून एबिसिनियावर स्वारी निघाली. तेथल्या राजाने इंग्रज कैदी धरून ठेवले होते. तांबड्या समुद्राच्या काठी झूला नावाचे ओसाड ठिकाण; पाणी नाही, धक्का नाही, रस्ता नाही. मोहिमेचा खरा पराक्रम शेवटच्या लढाईत झालाच नाही, ती लढाई थोडक्यात आटोपली. पराक्रम झाला तो त्या किनाऱ्यावर. समुद्रात धक्के बांधले, खारे पाणी उकळून पिण्याजोगे केले, आगगाडीचे रूळ टाकले, आणि डोंगरातून हत्ती-तोफा चढतील असा रस्ता काढला. त्या कामात खडकीची माणसे होती, आणि त्यांच्यासोबत हजारो बिगारी आणि मुलेवाले होते. इंग्रजी पुस्तकांतून या मोहिमेची वर्णने मी वाचली. सेनापती नेपियर यांचे नाव पानोपानी आहे. नेपियर स्वतः इंजिनिअर होते आणि थोर होते, यात शंका नाही. रूळ टाकणाऱ्यांपैकी मात्र क्वचितच कोणाचे नाव सापडते.

येथे मुद्द्याचा प्रश्न येतो. नकाशा कोण काढीत होते? सॅपर्सच्या कंपन्यांवरचे अधिकारी सगळे इंग्रज. ते विलायतेत शिकून येत. कंपनीच्या काळी ॲडिस्कोंबला, पुढे वुलिच आणि चॅटम येथे. आपल्याकडे इंजिनिअरिंगचे शिक्षण नव्हतेच असे मात्र नाही. रुरकीचे कॉलेज १८४७ मध्ये निघाले. पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग आणि यंत्रशाळा सुरू झाली, तेच आजचे पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज. परंतु तो वर्ग काढण्याचा हेतू काय होता? सरकारी बांधकाम खात्याला हाताखालचे लोक पुरवण्याचा. मोजमाप करणारा, हजेरी घेणारा, ओव्हरसिअर. बुद्धी तीच, गणित तेच. पण खुर्ची ठरलेली. लष्करात तर हिंदी माणसाची मजल सुभेदार-मेजरपर्यंत. काल चॅटमहून आलेला पोरसवदा लेफ्टनंट तीस वर्षे नोकरी झालेल्या सुभेदाराला हुकूम देई.

या व्यवस्थेचा कस १९१४ साली फ्रान्समध्ये लागला. २८ ऑक्टोबर रोजी न्यूव शापेल या गावी खडकीच्या दोन कंपन्यांना, विसाव्या आणि एकविसाव्या कंपनीला, शीख पलटणीबरोबर पायदळासारखे हल्ल्याला धाडण्यात आले. पूल बांधणारी, सुरुंग लावणारी ही तयार माणसे; त्यांना संगिनी देऊन घराघरांतून लढावयास लावले. दोन्ही कंपन्यांचे सगळे इंग्रज अधिकारी ठार किंवा जखमी झाले, आणि सैनिकांचीही फार हानी झाली. एक कुशल कारागीर तयार होण्यास वर्षे लागतात. तो एका सकाळी असा खर्च करून टाकणे हा शुद्ध उधळेपणा होता, आणि असे मत त्या काळच्या लष्करी जाणकारांचेही होते.

असे असूनही पलटणीत जाण्यासाठी आपले लोक धडपडत होते, ते का? केवळ पगारासाठी नव्हे. लष्करात शाळा होत्या. कंपनीच्या अमदानीपासून मुंबईच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत शिक्षक आणि मुख्याध्यापक होते. ज्या समाजाला गावच्या शाळेच्या पायरीवर बसू देत नव्हते, त्याला छावणीत पाटी मिळाली. पुढे १८९० नंतर इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ ठरवल्या आणि महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि त्यांच्यामागून शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले, ते वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. नोकरीबरोबर अक्षर गेले, याचे दुःख त्यात आहे. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली, आणि युद्ध सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट कायमची उभी राहिली ती १९४१ साली, बेळगावी, पुन्हा युद्धाची गरज पडली तेव्हा. कामापुरते घ्यावयाचे आणि काम सरताच सोडावयाचे, ही पद्धत मला माझ्या क्षेत्रातून चांगली ठाऊक आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. सातपुड्यातील माणसाला लष्कराचे दार केव्हा उघडले? १८२५ साली. खानदेशात भिल्लांचे उठाव शमेनात, तेव्हा जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटाने धरणगावला भिल्ल कोअर उभारली. औट्रम त्यांच्याबरोबर शिकारीला जाई, त्यांच्यात राही, त्यांचा विश्वास त्याने कमावला, असे सगळे सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. परंतु त्या कोअरने आमच्या माणसाला काय दिले? बंदूक आणि डगला दिला. घाट राखावयाचे, खजिन्याबरोबर चालावयाचे, आणि आपल्याच डोंगरातील बंडवाल्यांच्या मागावर जावयाचे. डोंगर, पाणी आणि लाकूड यांचे जे ज्ञान भिल्लाच्या अंगी होते, ते मागकाढ्याच्या कामाला वापरले. त्यातून रस्ता आखणारा किंवा पूल बांधणारा भिल्ल तयार करावा, हे कोणाच्या मनात आले नाही. शेवटी ती कोअर पोलिसांत जमा झाली. मेवासातील काठी, नाल, सिंगपूर यांसारख्या ठिकाणांपर्यंत जेव्हा रस्ता आला, तेव्हा तो आखणारे बाहेरून आले आणि खडी फोडणारे आपले होते.

मला देवगोई घाटाच्या रस्त्याचे फार वाटते. अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना ज्या वळणांवर पावसाळ्यात दरड येते, तेथे मजूर कोठला असतो हे सांगावयास नको. आणि मणिबेलीचे उदाहरण तर सर्वांसमोर आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातले पहिले गाव गेले ते आपल्या तालुक्यातले. धरण योग्य की अयोग्य हा आजचा विषय नव्हे, त्यावर स्वतंत्र व्याख्यान होईल. परंतु ज्या नकाशावर पाण्याची रेघ मारली गेली, त्या नकाशाच्या टेबलाशी मणिबेलीचा एकही माणूस नव्हता, एवढे निर्विवाद आहे.

असो. हिंदी माणसाला नकाशाचे दार उघडले ते पहिल्या महायुद्धानंतर, आणि तेही फटीएवढे. १९३२ साली डेहराडूनची इंडियन मिलिटरी ॲकॅडमी निघाली. तेथून बाहेर पडलेल्यांपैकी प्रेमिंद्रसिंग भगत हे १९३९ साली मुंबई सॅपर्समध्ये आले. १९४१ च्या आरंभी एबिसिनियातच, माघार घेणाऱ्या इटालियन फौजेने पेरलेले सुरुंग काढत ते चार दिवस सतत पुढे गेले; ५५ मैलांच्या वाटेवर १५ सुरुंगक्षेत्रे त्यांनी मोकळी केली. त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, कानाचे पडदे फुटले, तरी काम दुसऱ्याला दिले नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सत्तर वर्षांपूर्वी त्याच देशात खडकीच्या लोकांनी इंग्रजांच्या नकाशाबरहुकूम रस्ता केला होता, हे आठवले म्हणजे फरक लक्षात येतो.

याच युद्धात आणखी एक गोष्ट घडली. ती लष्करी इतिहासात सहसा सांगत नाहीत, पण मजूर चळवळीतला माणूस ती विसरू शकत नाही. युद्ध यंत्रांचे होते आणि हिंदुस्थानात फिटर, टर्नर, वेल्डर पुरेसे नव्हते. तेव्हा तांत्रिक शिक्षणाची मोठी योजना निघाली, आणि त्याखेरीज १९४१ पासून हिंदी तरुण कारागिरांच्या साधारण पन्नासपन्नासांच्या तुकड्या विलायतेला शिकण्यास पाठवल्या. या योजनेला नाव पडले ते अर्नेस्ट बेव्हिन यांचे. हे बेव्हिन कोण? पोरवयात शेतावर राबलेले, पुढे गाडी हाकणारे, आणि इंग्लंडातील वाहतूक कामगारांच्या सर्वात मोठ्या संघटनेचे चिटणीस. १९४० मध्ये ते मजूरमंत्री झाले. हिंदी कामगाराने विलायतेतील कारखाना पाहावा तशीच तेथली कामगार संघटनाही पाहावी, हा त्यांचा हेतू होता. इकडे १९४२ पासून मजूर खात्याचे सभासद म्हणून ही तांत्रिक शिक्षणाची जबाबदारी बाबासाहेब आंबेडकरांकडे होती. आज तालुक्यातालुक्यात आयटीआय आहे, तिचे मूळ शोधीत गेलात तर काही अंशी त्या युद्धकालीन वर्गांपर्यंत पोचाल.

आता ज्यांची कथा या विषयात मला सर्वात महत्त्वाची वाटते, त्या रामा राघोबा राणे यांच्याकडे येतो. कारवारजवळच्या चेंडिया गावचे. जन्म २६ जून १९१८. वडील पोलिसात शिपाई. १० जुलै १९४० रोजी राणे मुंबई सॅपर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. म्हणजे कुदळीच्या दाराने आत गेले. रिक्रूटांच्या तुकडीत पहिले आले, ब्रह्मदेशात लढले, नाईक झाले, हवालदार झाले, जमादार झाले. आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाल्यावर चार महिन्यांनी, सेकंड लेफ्टनंट झाले.

पुढचे चार महिने जाताच, एप्रिल १९४८ मध्ये, त्यांची परीक्षा झाली. काश्मिरात नौशेराहून राजौरीकडे आपली फौज निघाली होती. राजौरीत लोकांची कत्तल चालल्याच्या बातम्या येत होत्या, तेव्हा एक दिवस उशीर म्हणजे किती माणसे, हा हिशेब होता. रणगाडे न्यावयाचे तर वाट पाहिजे; आणि वाटेवर सुरुंग पेरलेले, झाडे तोडून आडवी टाकलेली, पूल उडवलेले. ८ एप्रिलला राणे यांच्या तुकडीने सुरुंग काढण्यास हात घातला, तोच तोफगोळे पडू लागले. दोघे ठार झाले, पाच जखमी. जखमींत राणे स्वतः. तरी त्यांनी काम थांबवले नाही. पुढे जाणाऱ्या रणगाड्याखाली सरपटत जाऊन, त्याच्या आडोशाने सुरुंग शोधत त्यांनी वाट काढली. रणगाड्याच्या चाकाच्या पट्ट्याखाली माणूस आहे हे आत बसलेल्या चालकाला दिसत नाही. तेव्हा दोरी ओढून थांब की चल ही खूण द्यावयाची, आणि चालकाने ती चुकवली तर चिरडून जावयाचे. चार दिवस हे चालले होते, ११ तारखेपर्यंत. आडवी टाकलेली झाडे उडवून बाजूला सारावयाची, जेथे रस्ताच नाही तेथे खडकाला बगल देऊन नवी वाट फोडावयाची. १२ एप्रिलला फौज राजौरीत पोचली.

त्यांना परमवीरचक्र मिळाले. जिवंतपणी ते मिळालेले ते पहिले. १९६८ मध्ये मेजर म्हणून ते निवृत्त झाले आणि १९९४ साली वारले. २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव दिले गेले.

मी ही कथा शौर्यासाठी सांगत नाही, ते सांगणारे पुष्कळ आहेत. मला त्यात वेगळे दिसते ते असे, की सुरुंग कसा उकलावा हे राणे हातांनी शिकले होते. शिपाई म्हणून सात वर्षे त्यांनी ते केले होते. म्हणून अधिकारी झाल्यावरही ते तुकडीच्या पुढे होते, मागे नव्हते. कुदळ आणि नकाशा एका माणसाच्या हाती आले तर काय होते, त्याचा हा दाखला आहे.

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था बदलली. लष्करी इंजिनिअरिंगचे विद्यालय रुरकीहून पुण्याला दापोडीस आले, तेच कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग. खडकवासल्याच्या नॅशनल डिफेन्स ॲकॅडमीची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी बसवली आणि १९५५ च्या जानेवारीत तिचे उद्घाटन झाले. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यास निघाली. पाहिलेत, सगळे पुण्या-साताऱ्याकडे. खानदेशाच्या वाट्याला आल्या त्या भुसावळ आणि वरणगावच्या दारूगोळ्याच्या व सामानाच्या फॅक्टऱ्या, म्हणजे कामगाराची नोकरी. ती काही वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगतो. त्या फॅक्टऱ्यांच्या पगारावर दोन पिढ्या शिकल्या. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारने देशातील ४१ फॅक्टऱ्या सात कंपन्यांत वाटून टाकल्या, आणि त्या वेळी संपाला बंदी करणारा कायदाही एका वर्षापुरता केला. कामगारांचे म्हणणे ऐकून घेऊन हे करता आले असते.

बंदीचा विषय निघाला म्हणून येथेच सांगतो, कारण ज्यांना लष्करात जावयाचे आहे त्यांच्यापासून ते लपवणे बरे नव्हे. घटनेच्या ३३ व्या कलमाप्रमाणे सेनादलातील माणसाचे मूलभूत हक्क संसदेला कमी करता येतात, आणि १९५० च्या लष्कर कायद्यानुसार सैनिकाला कामगार संघटनेत जाता येत नाही. फौजेत हे समजण्यासारखे आहे. खंदकात मतदान घेता येत नाही. परंतु ही रेघ कोठवर ओढावयाची? १९६० मध्ये सीमेवरचे रस्ते बांधण्यासाठी बॉर्डर रोड्स संस्था निघाली. तिच्यातील जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्सचे लोक गणवेश घालतात, पण पेन्शन आणि सवलती सैनिकाच्या नाहीत. १९८० च्या सुमारास त्यांनी गाऱ्हाण्यांसाठी निदर्शने केली, तेव्हा त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटले झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८३ साली विश्वन खटल्यात निकाल लागला, की हे लोकही सेनादलातलेच, त्यांनाही ३३ वे कलम लागू. शिस्त सैनिकाची आणि हक्क धड ना सैनिकाचे, ना मजुराचे, अशी ही अवस्था झाली. निकाल न्यायालयाचा आहे, तो मान्य. माझे मत मी सांगितले.

उलट दिशेचाही एक प्रसंग आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. त्यानंतर नवा पादचारी पूल बांधण्यास लष्कर बोलावले, आणि मुंबई सॅपर्सनी तो बांधून २७ फेब्रुवारी २०१८ रोजी लोकांना खुला झाला. सॅपर्सचे काम चोख होते. पण ज्या रेल्वेकडे स्वतःचे इंजिनिअर आणि गँगमन आहेत, तिला एक जिना-पूल बांधण्यास फौज लागावी, ही अभिमानाची गोष्ट कशी?

आता मूळ सवालाकडे. आज बारावीनंतर लष्करात जाण्याची वरची वाट आणि खालची वाट, दोन्ही आहेत. खालच्या वाटेचे नाव अग्निवीर. जून २०२२ मध्ये ही योजना जाहीर झाली. चार वर्षे नोकरी, नंतर शंभरांतील पंचवीसपर्यंत कायम, बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपये देऊन घरी. पेन्शन नाही. आयटीआय झालेल्या मुलाला यात तांत्रिक काम मिळू शकते. घरची निकड असेल त्याने जावे, मी कोणाला अडवणार नाही. पण राणे यांना कुदळीच्या दारातून नकाशापर्यंत पोचण्यास सात वर्षे लागली होती, आणि येथे चार वर्षांत दार बंद होते, हा हिशेब घरात बसून करावा.

वरच्या वाटेचे नाव टेन प्लस टू टेक्निकल एंट्री. बारावीला भौतिक, रसायन, गणित हे विषय आणि त्यांत मिळून ६० टक्के. जेईई मेनला बसलेले असणे. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. मग निवड मंडळाची पाच दिवसांची परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी. निवड झाली की शिक्षणाचा खर्च सरकारचा. २०२४ पासून हे शिक्षण चार वर्षांचे आहे. त्यातील इंजिनिअरिंगचा अभ्यास पुण्यात, महूला किंवा सिकंदराबादला होतो, शेवटचे वर्ष डेहराडूनला, आणि पदवी घेऊन मुलगा लेफ्टनंट म्हणून बाहेर पडतो. सातव्या वेतन आयोगात लेफ्टनंटाचा मूळ पगार ५६,१०० रुपये धरला आहे. जागा मात्र फार थोड्या, एका तुकडीला साधारण ९०, साऱ्या देशात मिळून. आणि सेनादलाच्या भरतीत जातीजमातींना राखीव जागा नाहीत, हे आपल्या तालुक्याने पक्के समजून घ्यावे. जातीचा दाखला घेऊन धावणारे पालक मी पाहिले आहेत. येथे तो जागा मिळवून देत नाही.

मग आपल्या मुलाला अडते कोठे? बुद्धीत नव्हे. भाषेत आणि अकरावी-बारावीच्या विज्ञानात. घरात भिली किंवा पावरी, शाळेत मराठी, आणि निवड मंडळासमोर इंग्रजी किंवा हिंदी. अशा तीन पायऱ्या त्याला चढावयाच्या असतात. जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते, ही चांगली सुधारणा झाली. एनडीएची परीक्षा मात्र इंग्रजी-हिंदीत, आणि तीत इंग्रजीचे वेगळे गुण. आश्रमशाळेत गणित-विज्ञानाचा मास्तर वर्षभर जागेवर असेल, तरच हे जमणार. तेथे मास्तर मागण्यासाठी मोर्चा काढावा लागला तर मी पुढे आहे.

मुलींविषयी विचाराल. ही टेक्निकल एंट्री २०२४ पर्यंतच्या जाहिरातींत केवळ अविवाहित मुलांसाठी होती. एनडीएचे दार मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने उघडले, आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. तिसरी वाट आहे ती आधी बाहेर इंजिनिअर होऊन मग जाण्याची. नगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्याच्या सीता शेळके त्या वाटेने गेल्या. ३० जुलै २०२४ रोजी केरळात वायनाडला डोंगर खचून गावे वाहून गेली, तेव्हा चुरलमला येथे १९० फुटांचा बेली पूल मद्रास सॅपर्सनी सुमारे ३१ तासांत उभा केला. त्या तुकडीत मेजर शेळके होत्या. पुलाच्या लोखंडी सांगाड्यावर उभ्या असलेल्या त्यांचे छायाचित्र पुष्कळांनी वर्तमानपत्रात पाहिले असेल. दुष्काळी पारनेरची मुलगी पुराच्या पाण्यावर पूल बांधते, हे आपल्या मुलींना वर्गात दाखवण्यासारखे चित्र आहे.

ज्यांचे मूल आज आठवी-नववीत आहे, त्यांच्यासाठी शेवटची एक माहिती. राज्य सरकारने १९७७ साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था काढली. दहावीनंतर परीक्षा घेऊन मुले निवडतात, आणि अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करून घेतात. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला निघाली. अर्ज दहावीच्या वर्षातच करावा लागतो, निकालानंतर नव्हे. भरतीची हमी देऊन पन्नास हजार, लाख मागणारे जे एजंट हल्ली बाजाराच्या दिवशी दिसतात, त्यांचा या कशाशीही संबंध नाही. त्यांना एक पैसाही देऊ नये, आणि दिला असेल तर पावती घेऊन माझ्याकडे यावे.